कागदी कंदिलाचा उजेड

न्यूयॉर्कच्या एथेल बॅरिमोर नाट्यगृहात ३ डिसेंबर १९४७ रोजी एका नव्या नाटकाचा पडदा वर गेला. समोर न्यू ऑर्लीन्स शहरातील कामकऱ्यांची एक कळकट वस्ती होती. थोड्याच वेळात त्या वस्तीत हाती बॅग घेतलेली, तिशीतली एक स्त्री येऊन उभी राहिली. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डोक्यावर हॅट, गळ्यात मोती. एखाद्या बंगल्याच्या बागेत चहापानाला निघालेल्या बाईने चुकून भलत्याच गल्लीत पाऊल टाकावे, तसे ते दिसत होते. ही ब्लांश द्यूब्वा. नाटकाचे नाव ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ आणि नाटककार टेनेसी विल्यम्स. डिझायर म्हणजे वासना. ज्या ट्रामने ब्लांश येते तिच्या पाटीवर हे नाव आहे, आणि ते नाटककाराने कल्पनेने रचलेले नाही. न्यू ऑर्लीन्समध्ये डिझायर नावाचा रस्ता आहे व त्या नावाची ट्राम १९२० पासून तेथे धावत होती. ब्लांश जिथे उतरते त्या रस्त्याचे नावही खरे आहे : एलिशियन फील्ड्स, म्हणजे ग्रीक पुराणातील पुण्यवान मृतांचे नंदनवन.

या नंदनवनातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तिची धाकटी बहीण स्टेला आणि तिचा पती स्टॅन्ली कोवाल्स्की राहतात. ब्लांश तिथे पाहुणी म्हणून येते आणि पाच महिने राहते. आल्यावर काही दिवसांतच ती एका चिनी दुकानातून कागदी कंदील आणते व तो खोलीतील उघड्या विजेच्या दिव्यावर चढवून घेते. प्रखर उजेड तिला सोसवत नाही. त्यात तिचे वय दिसते. त्या कंदिलाच्या मंद उजेडात ती स्वतःला धाकट्या बहिणीहूनही लहान म्हणवते. प्रत्यक्षात ती स्टेलाहून सुमारे पाच वर्षांनी मोठी आहे.

पाऊण शतकाहून अधिक काळ या नायिकेविषयी एक मत रूढ होऊन बसले आहे. ब्लांश भ्रमात जगणारी, स्टॅन्ली वास्तवात जगणारा. दोघांची गाठ पडते, वास्तव भ्रमाला चिरडते आणि भ्रमाचा आश्रय घेणारी स्त्री अखेर वेडी होते. शाळेच्या वहीत उतरवून घेण्यास हे मत सोयीचे आहे. नाटकाशी मात्र ते जुळत नाही.

प्रथम त्या वास्तववादी पुरुषाकडेच पाहू. ब्लांशची पेटी उघडून स्टॅन्ली तिचे कपडे व दागिने उपसतो, तेव्हा त्याचे डोळे विस्फारतात. एवढी फर, एवढे हिरे, शिक्षिकेच्या पगारात हे आले कुठून? स्टेला त्याला समजावते की ती फर स्वस्तातली आहे आणि मुकुटातले ते हिरे म्हणजे जवळजवळ काचच. त्याचा विश्वास बसत नाही. पुढे तो नेपोलियनच्या कायद्याचा दाखला देतो. लुइझियाना राज्यात फ्रेंच परंपरेचा दिवाणी कायदा आहे, त्यामुळे बायकोची ती नवऱ्याची मालमत्ता. तेव्हा वडिलोपार्जित घर गेले असेल तर त्यात आपलीही फसवणूक झाली, असा त्याचा युक्तिवाद. कागदपत्रांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांना इथे हसू आल्यावाचून राहणार नाही. घर मिसिसिपी राज्यातले, म्हणजे स्थावराला कायदा मिसिसिपीचा. शिवाय खुद्द लुइझियानातही वारसाने आलेली मिळकत ही ज्याची त्याचीच समजली जाते, पतिपत्नींच्या समाईक मिळकतीत ती येत नाही. काचेला हिरा समजणारा आणि परराज्यातील जमिनीवर आपल्या राज्याचा कायदा चालवू पाहणारा हा गृहस्थ आपण कधी फसत नाही या समजुतीत वावरत असतो, आणि प्रेक्षकही त्याच्या या समजुतीवर सहसा विश्वास ठेवतात.

त्याउलट ब्लांश. तिच्या पेटीत दागिन्यांच्या खाली कागदांचे एक भेंडोळे आहे : गहाणखते, कर्जाची पत्रे, पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार. ते ती स्टॅन्लीच्या हाती देऊन टाकते. द्यूब्वा घराण्याची जमीन कशी गेली हे तिला नीट ठाऊक आहे. आजे, पणजे, चुलते आणि भाऊ यांनी आपल्या रंगेलपणापायी एकेक तुकडा विकला. शेवटी उरले ते घर आणि भोवतालची सुमारे २० एकर जमीन, आणि त्या २० एकरांतही कुटुंबाचे कब्रस्तान. पुरुषांनी उधळले व बायकांनी मरणे निस्तरली, हा हिशेब ती कोणताही आडपडदा न ठेवता सांगते. घराण्याच्या ऱ्हासाविषयी एवढे स्पष्ट बोलणारी स्त्री भ्रमिष्ट कशी म्हणावी? आपल्या वयाबद्दल ती खोटे बोलते, दारूच्या पेल्याबद्दल खोटे बोलते. पण ती खोटे बोलत आहे हे तिला पुरते माहीत असते. बहिणीपाशी एकदा ती कबूलही करते की दुबळ्या माणसाला रंग लावून, उजेड झाकून जगावे लागते आणि ही कसरत आपल्याला आणखी किती दिवस जमेल कोण जाणे. आत्मवंचनेत बुडालेले माणूस असे बोलत नाही.

या घराचे नाव ‘बेल रेव्ह’, सुंदर स्वप्न. फ्रेंच जाणणाऱ्याच्या कानाला ते खटकते, कारण त्या भाषेत स्वप्न पुल्लिंगी आहे आणि ‘बेल’ हे स्त्रीलिंगी विशेषण. मुळात ‘सुंदर नदीकाठ’ अशा अर्थाचे नाव पिढ्यांच्या उच्चारात बिघडत गेले असावे, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. घराचे गाव नाटकात लॉरेलच्या परिसरात दाखवले आहे. लॉरेल हे मिसिसिपीतील खरे गाव. परंतु ते वसले १८८२ साली, पाइन वृक्षांच्या रानात, लाकडाच्या गिरण्यांसाठी. शुभ्र खांबांचे प्रासाद आणि कापसाचे अफाट मळे यांचा तो मुलूखच नव्हे. नाटककार स्वतः मिसिसिपीतील कोलंबस गावी १९११ साली जन्मला होता, त्यामुळे त्याला हे ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. त्याने हे जाणून केले की नावाच्या नादाला भुलून, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी गंमत उरतेच : ज्या वैभवाच्या आठवणीवर ही स्त्री जगते, त्या वैभवाला त्या मातीत फारशी जागाच नव्हती.

ब्लांशचा भ्रम तिने एकटीने रचलेला नाही, तो तिला वारशाने मिळाला आहे, हे इथे ध्यानात येते. जमीन गेली, तो तेवढा राहिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यातला हा प्रकार. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात पराभव झाला व गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. युद्धाच्या आदल्या वर्षी, १८६० च्या खानेसुमारीत, मिसिसिपीच्या सुमारे ७,९१,००० लोकसंख्येपैकी सुमारे ४,३६,००० माणसे गुलाम होती. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रजा ही दुसऱ्याची मालमत्ता होती. एवढ्या मोठ्या अन्यायावर उभे असलेले जग कोसळले तेव्हा त्या समाजाने काय करावे? रिचमंड येथील एडवर्ड पोलार्ड या संपादकाने १८६६ सालीच एक ग्रंथ लिहिला व त्याच्या नावातूनच या मनोवृत्तीला संज्ञा मिळाली : ‘लॉस्ट कॉज’, हरपलेले ध्येय. युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, ते शौर्यासाठी व स्वातंत्र्यासाठी होते. मालक दयाळू होते, नोकर संतुष्ट होते आणि स्त्रिया देवतांप्रमाणे पूज्य होत्या, असे ते कथानक. १८९४ साली स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या महिला संघटनेने ते गावोगावच्या स्मारकांत आणि मुलांच्या पाठ्यपुस्तकांत नेऊन बसवले. दुसरीकडे १८९० च्या घटनेने मिसिसिपीतील काळ्या नागरिकांचा मताधिकार व्यवहारतः काढून घेतला. असा हा दुहेरी व्यवहार होता. भ्रम पाठ्यपुस्तकात आणि सत्ता हातात.

ब्लांश याच पाठ्यपुस्तकांवर वाढलेली आहे. बेल रेव्हच्या तिच्या कहाणीत ज्यांच्या श्रमावर ते घर उभे राहिले त्यांना स्थान नाही. मरणासन्न आईचे अंथरूण बदलायला एखादी काळी मोलकरीण ठेवणेही आता परवडत नाही, एवढ्याच कारणाने तो वर्ग तिच्या आठवणीत एकदा डोकावतो. आणि रंगमंचावर पहिल्याच प्रवेशात पायऱ्यांवर बसलेली काळी स्त्री? नाटककाराने तिला नावही दिलेले नाही. तेवढ्यापुरता तोही त्याच मातीचा.

दक्षिणेचे हे स्वप्न जगभर पोहोचवले ते १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाने. १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा शहरात त्याचा पहिला खेळ थाटात झाला. मात्र त्यात दाईची भूमिका करणारी हॅटी मॅक्डॅनियल त्या सोहळ्याला हजर राहू शकली नाही, कारण जॉर्जिया राज्यात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसण्यास मनाई होती. पुढच्या फेब्रुवारीत त्याच भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाले, तेही भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसून. या चित्रपटाची नायिका स्कार्लेट ओहारा रंगवली होती व्हिव्हियन लीने. हिचा जन्म १९१३ चा, आपल्या दार्जिलिंगचा. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, लंडनच्या रंगभूमीवर लॉरेन्स ऑलिव्हिएच्या दिग्दर्शनाखाली तिने ब्लांशची भूमिका केली, आणि १९५१ च्या चित्रपटात पुन्हा तीच. दक्षिणेचे स्वप्न आणि त्या स्वप्नाचे भग्नावशेष, दोन्ही एकाच चेहऱ्याने पडद्यावर आले. असा योगायोग एखाद्या नाटककाराने रचला असता तर टीकाकारांनी त्याला कृत्रिम ठरवले असते.

वारशाने आलेल्या भ्रमापलीकडे ब्लांशचे स्वतःचेही एक दुःख आहे, आणि नाटकाचे मर्म त्यात आहे. सोळाव्या वर्षी ती ॲलन ग्रे नावाच्या एका कोवळ्या कवीच्या प्रेमात पडली व त्याच्याशी लग्न करून बसली. एके दिवशी एका खोलीत ती अवचित शिरली तेव्हा तो व त्याचा एक वडीलधारा मित्र अशा स्थितीत दिसले की पुढे काही विचारण्याची गरज उरली नाही. त्याच रात्री तिघेही काही घडलेच नाही असे भासवून मून लेक येथे नाचायला गेली. नाचता नाचता तिला राहवले नाही. आपण सर्व पाहिले आहे आणि आपल्याला तुझी किळस येते, असे तिने त्याला तोंडावर सांगितले. तो धावत बाहेर गेला व त्याने तोंडात पिस्तूल धरून गोळी झाडून घेतली.

तिने त्याला सांगितले त्यात खोटे काहीच नव्हते. आयुष्यात एकदाच तिने सत्याचा दिवा कोणाच्या तोंडावर धरला आणि त्या उजेडात एक माणूस मेला. त्यानंतरचे तिचे सगळे कागदी कंदील या एका रात्रीच्या संदर्भात पाहावे लागतात. वय लपवण्याची हौस हे वरवरचे कारण झाले. उजेडाने काय होते हे तिला नको तितके कळले आहे.

तिचा पुढचा इतिहास निष्कलंक नाही. घरातील एकामागून एक मरणे, मग लष्करी छावणीतील तरुण, मग एका बदनाम हॉटेलातला मुक्काम आणि अखेर सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याशी संबंध, ज्यामुळे तिची शिक्षिकेची नोकरी गेली. शिक्षिकेच्या पेशाला हा काळिमाच होता. नाटककाराने तो झाकलेला नाही, आणि तिची कणव येते म्हणून प्रेक्षकांनी तो झाकला तर ती त्यांची आत्मवंचना ठरेल.

स्टॅन्ली ही सगळी माहिती गोळा करतो व ती आपल्या मित्राला, मिचला, पुरवतो. मिच हा आजारी आईची सेवा करणारा, एकाकी, साधा गृहस्थ. तो ब्लांशशी लग्न करण्याच्या विचारात असतो. सत्य कळल्यावर तो रात्री दारू पिऊन येतो, दिव्यावरचा कागदी कंदील ओरबाडून काढतो आणि उघड्या दिव्याखाली तिचा चेहरा धरतो. मून लेकच्या त्या रात्रीचीच ही आवृत्ती होय. या खेपेला उजेड धरणारा दुसरा आहे आणि उजेडात सापडलेली ती आहे. बाहेर मृतांसाठी फुले विकणारी मेक्सिकन म्हातारी हाका देत फिरत असते.

यानंतर काही दिवसांनी नव्हे, त्याच रात्री, स्टेला प्रसूतीसाठी इस्पितळात असताना, स्टॅन्ली ब्लांशवर बलात्कार करतो. ती हे बहिणीला सांगते. सबंध नाटकात तिने सांगितलेल्या गोष्टींपैकी सर्वांत महत्त्वाची ही गोष्ट, आणि ती अक्षरशः खरी. परंतु ती मानली जात नाही. शेवटच्या प्रवेशात स्टेला वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला सांगते की ब्लांशचे म्हणणे खरे मानले तर नवऱ्याजवळ राहणे आपल्याला शक्य होणार नाही. शेजारीण तिला सल्ला देते की तसे मानूच नकोस, संसार चालला पाहिजे. ब्लांशला वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्याचा बंदोबस्त झालेला असतो.

स्टेलाच्या बोलण्यात तिला सत्य ठाऊक नाही असे कुठेच नाही. ते मानणे परवडत नाही, एवढेच आहे. नवजात मूल कडेवर, हाती पैसा नाही, माहेर उरलेले नाही. त्या काळातील अशा बाईला दुसरी वाट कोणती होती, हा प्रश्न खराच आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. पण आत्मवंचना हा शब्द ज्याला नेमका लागू पडावा असे या नाटकातील माणूस शोधायचे झाले तर बोट ब्लांशकडे जात नाही. वय लपवले, पेला लपवला, तोवर ब्लांशवर सर्वांनी विश्वास ठेवला. खरे बोलली तेव्हा ती वेडी ठरली. तिचे मन जे ढळते ते खोटे बोलल्याने नव्हे. तिचा हाती लगाम असलेला भ्रम त्या रात्री संपतो, आणि जुना श्रीमंत मित्र आपल्याला न्यायला येत आहे ही, एरवी जाणूनबुजून केलेली बतावणी, तिला खरीच वाटू लागते. दारात डॉक्टर येतो. त्यानंतर ती ज्या आदबीने त्या परक्या माणसाचा हात धरून निघते, ते पाहताना कठोर प्रेक्षकही खाली पाहतो.

नाटककाराला हा प्रसंग कल्पनेतून शोधावा लागला नाही. त्याची बहीण रोझ हिच्या मेंदूवर १९४३ साली शस्त्रक्रिया करण्यात आली व पुढचे दीर्घ आयुष्य तिने देखरेखीखाली काढले. ती १९९६ मध्ये वारली. आपण ते थांबवू शकलो नाही हा सल विल्यम्सला १९८३ साली मृत्यू येईपर्यंत होता. ही शस्त्रक्रिया त्या काळी वैद्यकशास्त्राची मोठी झेप मानली जाई. इतकी, की तिच्या जनकाला, पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना, १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ती टाकून देण्यात आली.

या नाटकाचा प्रेक्षकही कंदिलाखालीच बसला होता, असे पहिल्या प्रयोगांच्या हकिकतींवरून म्हणावे लागते. एलिया कझान यांच्या त्या प्रयोगात जेसिका टँडी ब्लांश होती आणि स्टॅन्ली होता २३ वर्षांचा मार्लन ब्रँडो. त्याच्या अभिनयाचे तेज असे की प्रेक्षकांची सहानुभूती त्याच्याकडे झुकते, अशी तक्रार हॅरॉल्ड क्लर्मन या जाणत्या समीक्षकाने त्याच वेळी केली होती. चित्रपटाची गोष्ट आणखी निराळी. १९५१ साली हॉलीवुडच्या नीतिनियमावलीखाली ॲलनच्या मृत्यूचे खरे कारण संवादांतून काढून टाकले गेले, बलात्कार सूचनेपुरता उरला, आणि दुष्टाला शासन झालेच पाहिजे म्हणून शेवट बदलला : स्टेला मुलाला घेऊन जिना चढून वर जाते, आता पुन्हा नवऱ्याकडे यायचे नाही असे ठरवून. एका कॅथलिक संघटनेची नापसंती टाळण्यासाठी काही मिनिटांचे तुकडे दिग्दर्शकाच्या संमतीवाचून कापण्यात आले. ते १९९३ मध्ये परत जोडले गेले. समाजाच्या नीतीचे रक्षण करू पाहणाऱ्यांनी या कथेला तिच्यातील सर्वांत मोठे असत्य बहाल केले. रंगमंचावरची स्टेला रडते, नवरा तिला जवळ घेतो, आणि पलीकडे मित्रमंडळी पत्त्यांचा पुढचा डाव वाटतात.

या चित्रपटासाठी व्हिव्हियन लीला ऑस्कर मिळाले. न्यूयॉर्कमधील मूळ प्रयोग ८५५ झाले व १७ डिसेंबर १९४९ रोजी त्यावर पडदा पडला. त्याआधीच, १९४८ साली, न्यू ऑर्लीन्समधील डिझायरची ट्राम बंद झाली होती आणि त्या मार्गावर बसगाड्या सुरू झाल्या होत्या.